मुलीला युनियनचं काम करायचंय

प्रश्न : मुलगी बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कामगार युनियनमध्ये काम करायचं म्हणते. आमच्या कंपनीतल्या टाळेबंदीत मी होरपळलोय. पुढाऱ्यांचं काही गेलं नाही, पगार आमचे बुडाले. तिला कसं परावृत्त करू?

उत्तर : तुमचा राग समजतो. जानेवारी १९८२मध्ये मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि कित्येकांची नोकरी कायमची गेली. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याबद्दल त्या पिढीत आजही दोन मतं ऐकू येतात. पण मुलीला पुढारी व्हायचंय की कामगारांचं काम करायचंय, ते आधी विचारा. पुढारीपण हे करिअर म्हणून मोजूच नका. नोंदणीकृत युनियनमध्ये बाहेरचे, म्हणजे त्या उद्योगात नोकरीला नसलेले, पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यांतले जे कमी तेवढेच चालतात.

चणचण आहे ती कागद वाचणाऱ्या माणसांची. मागणीपत्र आकड्यांनिशी मांडणं, कंपनीचा ताळेबंद समजून घेणं, बडतर्फीआधीच्या चौकशीत कामगाराच्या बाजूने उलटतपासणी घेणं. घोषणा देणारे शंभर मिळतात, हे करणारे फार थोडे. त्यातून कामगार-मालक तंटा मिटवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे वकिलांना उभं राहता येत नाही. तिथे युनियनचा पदाधिकारीच बोलतो. अर्थशास्त्र शिकलेली मुलगी इथे उपयोगी पडेल. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन, संप आणि तंट्यांचा नवा कायदा, लागू झाली आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करणार, संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागणार. मुरलेले नेतेसुद्धा हे नव्याने शिकताहेत.

तुमच्याकडे जुने वेतन करार, नोटिसा असतील तर तिच्यापुढे टाका. दोन पानांत कंटाळली, तर तुम्हाला वेगळं समजवावं लागणार नाही.

टिकली, तर परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतल्या एम.एल.एस.ची, म्हणजे श्रमविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, चौकशी करा. लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली, त्यांच्याच नावाची ही संस्था. टाटा समाजविज्ञान संस्थेचा पर्यायही आहे, पण तिथे चुरस मोठी. एल.एल.बी. केली तर कामगार न्यायालयातली वकिलीही खुली होते. आणि सरकारी कामगार अधिकारी व्हायचं असेल, तर एमपीएससीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. युनियनच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन बहुतेक ठिकाणी तुटपुंजं असतं. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं एखाद्या कंपनीच्या औद्योगिक संबंध (आयआर) विभागात काढली तर बिघडत नाही. मॅनेजमेंट नोटीस कशी तयार करते, हे आतून कळतं. उलटा प्रवास अवघड आहे. युनियनमध्ये काम केलेल्याला एचआरमध्ये घ्यायला कंपन्या सहसा कचरतात. कुठून सुरुवात करायची ते तिने ठरवावं, पण एवढं ठाऊक असू द्या.