वाचकांचे प्रश्न : मल्टिकास्टचा पत्ता नेमका कोणाचा?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीत भट्टीजवळच्या कॅमेऱ्याचे चित्र पाच-सहा पडद्यांवर एकाच वेळी दिसावे म्हणून २३९.१०.२०.५ हा मल्टिकास्ट पत्ता वापरला आहे. हा पत्ता कोणत्याच यंत्राला दिलेला नाही, तरी चित्र पोहोचते कसे? आणि चार-साडेचार मिनिटांनी ते गोठते, प्रोग्रॅम बंद करून उघडला की पुन्हा सुरू होते, याचे कारण काय?

उत्तर : आयपीच्या चौथ्या आवृत्तीत २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे सर्व पत्ते गटांसाठी, म्हणजे एकच माहिती एकाच वेळी घेणाऱ्या यंत्रांसाठी (मल्टिकास्टसाठी), राखलेले आहेत. असा पत्ता एखाद्या यंत्राची ओळख नसतो, त्यामुळे पॅकेटवर (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर) तो पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही, नेहमी घेणाऱ्याच्याच जागी येतो. कॅमेरा प्रत्येक पॅकेट एकदाच पाठवतो आणि ते किती पडदे घेत आहेत याची त्याला कल्पनाही नसते. ज्या पडद्याला चित्र हवे असते तो आपण या गटात असल्याचा निरोप आयजीएमपी या प्रोटोकॉलनुसार नेटवर्कवर पाठवतो. ही रचना स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ च्या आरएफसी १११२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली.

तुमच्या अडचणीचे मूळ या निरोपातच असावे. स्नूपिंगची सोय असलेला स्विच (नेटवर्कमधील यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) हे निरोप ऐकतो, ते कोणत्या पोर्टवरून (केबल जोडण्याच्या जागेवरून) आले याची नोंद ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टना चित्र पाठवतो. ही नोंद मात्र कायमची नसते. गटात अजून कोण आहे, असे कोणीतरी ठरावीक काळाने विचारावे लागते (प्रमाण मूल्यांनुसार दर १२५ सेकंदांनी) आणि उत्तरे येत राहिली तरच नोंद टिकते. २६० सेकंदांत, म्हणजे ४ मिनिटे २० सेकंदांत, काहीच ऐकू आले नाही तर ती पुसली जाते. विचारण्याचे हे काम एरवी मल्टिकास्ट चालू असलेला राउटर करतो. केवळ स्विच जोडून उभारलेल्या नेटवर्कमध्ये विचारणारे कोणीच नसते, म्हणून पहिल्या निरोपाची मुदत संपताच चित्र थांबते आणि प्रोग्रॅम नव्याने उघडल्यावर नवा निरोप गेल्याने ते परत येते.

यावर उपाय म्हणजे मुख्य स्विचवर क्वेरिअर ही, म्हणजे राउटरऐवजी स्विचनेच विचारण्याची, सोय सुरू करणे आणि त्याला त्याच नेटवर्कमधील आयपी पत्ता देणे. ती एकाहून अधिक स्विचवर सुरू राहिली तरी बिघडत नाही, कारण सर्वांत लहान पत्ता असलेला स्विच विचारण्याचे काम आपल्याकडे घेतो आणि बाकीचे गप्प राहतात. स्नूपिंगच बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो आणि त्याने चित्र अखंड चालतेही. परंतु मग तो प्रवाह प्रत्येक पोर्टवर, यंत्रांच्या कंट्रोलरपर्यंतही, जाऊ लागतो. कारखान्यात तरी हा मार्ग आम्हाला योग्य वाटत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्वेरिअर आणि स्नूपिंग दोन्ही सुरू आहेत, तरी २३९.०.०.५ वरचे व्याख्यान न मागणाऱ्या संगणकांपर्यंतही का पोहोचते? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : दोष पत्त्याच्या निवडीत आहे. गटाचा क्रमांक २८ बिटांचा असतो, पण इथरनेटच्या मल्टिकास्ट पत्त्यात त्यांपैकी शेवटचे २३ बिटच मावतात. गळालेल्या ५ बिटांमुळे ३२ वेगवेगळ्या गटांना एकच इथरनेट पत्ता मिळतो, आणि तुमच्या गटाचा जोडीदार २२४.०.०.५ निघतो, ज्यावर ओएसपीएफ (मार्गांची माहिती देवाणघेवाण करण्याचा प्रोटोकॉल) वापरणारे राउटर आपसांत बोलतात. २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते नेटवर्कच्या अंतर्गत कारभाराचे असल्याने स्विच त्यांची पॅकेट सर्व पोर्टवर सोडतो, आणि इथरनेट पत्त्यावरून निर्णय घेणारा स्विच तुमचे व्याख्यानही त्यांतच धरतो. २३९.१२८.०.५ घेतल्यानेही सुटका होणार नाही, कारण त्याचे शेवटचे २३ बिट तेच आहेत. २३९.१०.२०.५ सारखा पत्ता घ्यावा.

प्रश्न : तेच व्याख्यान वाय-फायवर तुटक का दिसते?

उत्तर : वाय-फायवर मल्टिकास्ट पॅकेट मिळाल्याची पोच येत नाही, म्हणून हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जात नाही, शिवाय सर्वांत दूरच्या उपकरणालाही ऐकू जावे यासाठी ॲक्सेस पॉइंट ती कमी वेगाने पाठवतो. काही ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये (प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पाठवण्यात) रूपांतर करण्याची सोय असते. ऐकणारे थोडे असतील तर ती सुरू करावी, वर्ग भरलेला असेल तर तारेनेच जोडावे.