ओल, लोणा आणि वाड्याची वीट

प्रश्न : वाईत आमचा जुना विटांचा वाडा आहे. माजघराला मध्यंतरी सिमेंटचा गिलावा केला. आता कमरेपर्यंत पोपडे सुटतात, विटांना पांढरा लोणा धरलाय. कंत्राटदार वॉटरप्रूफ रंग मारा म्हणतो. शिवाय खोली पूर्वीसारखी गारही राहत नाही. काय करावं?

उत्तर : रंगाचा डबा आधी दुकानात परत करा. जुनी वीट मऊ, सच्छिद्र. जोत्यातली ओल ती वर ओढणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल उडून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून पाणी आणखी वर चढतं. त्यातले क्षार गिलाव्याच्या आड स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा फोडतात. नखाने खरवडून बघा, लाल भुकटी येईल.

गारव्याचं म्हणाल, तर जाड कोरडी भिंत दुपारचं ऊन आत पोचवायला रात्र करते. भिजलेल्या विटेतून उष्णता लवकर वाहते. (कौलं काढून पत्रा घातला असेल, तर मात्र भिंतीला बोल लावू नका.)

सिमेंट हलक्या छिन्नीने काढा. अंगणातली फरशी भिंतीला भिडली असेल तर वीतभर मागे घ्या, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत मुरतील. एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवा. घरच्यांची कुरकुर होईल, होऊ द्या. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू घेऊन विटांमधल्या दर्जा (सांध्यांच्या फटी) भरा आणि गिलावाही चुन्याचाच करा. पहिले काही दिवस त्यावर ओलं गोणपाट हवं.