सिमसिटी ४ की सिटीज: स्कायलाइन्स? पुण्यासारखं शहर उभारायचं तर कोणता गेम घ्यावा?

पुणं म्हणजे ट्रॅफिक, त्यामुळे माझं मत सिटीज: स्कायलाइन्सला (२०१५). त्यात प्रत्येक माणसाला ठरलेलं घर आणि ठरलेली नोकरी असते, आणि गाडी खरोखर त्या दोन्हींमध्ये धावते. एखादा चौक चुकला की मागे तीन चौकांपर्यंत रांग लागते. विद्यापीठ चौकासारखा उड्डाणपूल बांधा, फसला तर पाडा, परत बांधा. इथे निदान टेंडर काढावं लागत नाही! नवा नकाशा सुरू करताना डाव्या बाजूने वाहतूक हा पर्यायही मिळतो, तो आठवणीने निवडा. एक लबाडी मात्र आहे: फार वेळ अडकलेली गाडी गेम गुपचूप गायब करतो. कर्वे रोडवर ही सोय हवी होती.

सिमसिटी ४ (२००३) हिशेबी आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या बहुतांशी शोभेच्या, खरी गणितं आकडेवारीवर चालतात. पण कर, कर्ज, शाळा-दवाखान्यांचा खर्च यांची कसरत तिथे जास्त कडक, आणि शेजारची शहरं जोडून पिंपरी-चिंचवडसारखा जोडपसारा छान उभा राहतो. रस्ते चौकटीत बसवावे लागतात, म्हणजे पेठांतले बोळ विसरा.

लॅपटॉप जुना असेल तर प्रश्नच मिटला, सिमसिटीच घ्या.