नर्सरीतून आणलेल्या गुलाबाचा गुलकंद करायच्या आधी

ताई, नर्सरीतून आठवड्यापूर्वी आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या मुलानं चघळल्या, ओठांना खाज सुटली आणि आता उरलेल्या फुलांचा गुलकंद करू का, असं तुम्ही खानापूरहून विचारलंय. खाली तिघांनी 'मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, काही होत नाही' असं सांगितलंय. ते वाचून राहवलं नाही. करू नका. मी हेच केलं होतं, सहा वर्षांपूर्वी.

आधी मुलाचं. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, उलट्या सुरू झाल्या, तर इथं उत्तरांची वाट बघत बसू नका, 108 ला फोन करा. मी डॉक्टर नाही. बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका, आणि ते फूल, पान, कुंडीवरची चिठ्ठी असं जे काही असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. असं का म्हणते ते पुढे कळेल.

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरी लेकीचं डोहाळजेवण होतं. चार दिवस आधी एका नर्सरीतून फुललेल्या गुलाबाच्या पाच कुंड्या आणल्या. 'औषध मारलंय काय?' असं विचारलं, तर 'न्हाई ओ मावशी, सगळं शेणखतावर' असं उत्तर मिळालं. पानं उलटी करून बघितली तर मागे पांढरट वाळलेले थेंब होते. आमच्या बोअरचं पाणी जड, त्याचे असेच डाग पडतात, म्हणून मी ते पाण्याचे क्षार समजले. तीच माझी चूक. त्या फुलांना वासही जवळजवळ नव्हता. खायचा गुलाब दारात शिरताना कळतो, एवढं माझ्या सासूबाईंनी शिकवलं होतं, तरी मी डोळे झाकले. पाकळ्या तीन पाण्यांतून धुतल्या, मीठही घातलं होतं, आणि बासुंदीवर पसरल्या.

संध्याकाळी जावेच्या सहा वर्षांच्या नातवाला तीन उलट्या झाल्या आणि तोंडातून लाळ गळायला लागली. लेकीला गरगरायला लागलं, तिला पाचवा महिना. दवाखान्यात डॉक्टरांनी पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या आणि विचारलं, 'फूल कुठलं? कशाची फवारणी?' माझ्याकडे काहीच नव्हतं. उरलेल्या पाकळ्या मी ओल्या कचऱ्यात टाकल्या होत्या, गाडी सकाळीच येऊन गेलेली, आणि कुंड्या पाहुण्यांना भेट म्हणून वाटून झालेल्या. दोघांना दोन दिवस ठेवून घेतलं. पुढे सगळं सुखरूप झालं, नात आता शाळेत जाते. त्या दिवशी पंगतीत बाहेरचंही बरंच होतं, त्यामुळे औषधानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण नमुना ठेवला असता तर आज म्हणता आलं असतं.

मिठाच्या पाण्यानं काय होतं ते नीट समजून घ्या. वरवर बसलेली धूळ, मुंग्या, मावा आणि स्पर्शजन्य, म्हणजे वरून लागून कीड मारणाऱ्या, औषधाचा काही भाग निघतो. आंतरप्रवाही औषध मात्र मुळातून किंवा पानातून झाडाच्या रसात जातं, नवीन कळीतही पोचतं. इमिडाक्लोप्रिड त्यातलंच, कुंडीच्या मातीत घातलं तर बरेच महिने राहतं. ते तुम्ही कितीही धुतलं तरी पाकळीच्या आतून काढणार कसं? गुलकंदात तर पाकळ्या साखरेत मुरवून त्यांचा रसच आपण खातो. भाजीवर औषध मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. शोभेच्या झाडाला तसं कुणी थांबत नाही, कारण ते खाण्यासाठी नसतंच. तुमच्या नर्सरीवाल्यानं औषधाचा डबा दाखवला तर त्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा आहे म्हणून खायला हरकत नाही, असा मात्र अर्थ काढू नका.

नंतर तपासणी करून घ्यायला अन्न सुरक्षेच्या सरकारी कार्यालयात गेले. ज्यांना कुंडी दिली होती त्यांच्याकडून पानं मागून आणली, फ्रीजमध्ये ठेवली आणि डबा घेऊन गेले. तिथं म्हणाले, फूल म्हणजे बागायतीचं, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, खाल्लं ना, मग ते अन्न झालं, परत जा. अर्ज कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, लिहायला वेळ लागतो, आणि 'जरा सांगता काय?' म्हटल्यावर खिडकीतल्या माणसानं मानही वर केली नाही. अकरा दिवस हेलपाटे घातले, पानं काळी पडली. पुढे स्वतःच वाचताना कळलं की अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. म्हणजे माझा डबा पहिल्या दिवसापासूनच त्यात बसत नव्हता. हे एक वाक्य कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? अजूनही राग येतो. इथं सीमाभागात भाषेवरून आधीच इतकं चालतं, निदान आजारी पोराच्या कागदाला तरी माणसानं हात लावावा.

त्यामुळे आता माझा नियम कडक आहे, कुणाला अति वाटला तरी चालेल. फूल कुणी वाढवलं आणि कशासाठी, हे माहीत नसेल तर ते पोटात जाणार नाही. हाराचे, पुष्पगुच्छाचे, देवळातल्या निर्माल्याचे गुलाब-झेंडू तर मुळीच नाहीत. नर्सरीचं झाड आणलं तर सगळ्या कळ्या खुडून टाकते आणि वर्षभर त्याचं फूल खात नाही. बागेची जाणकार मंडळी याहून कमीही सांगतात, पण मी वर्षच धरते.

हादगा, शेवगा, भोपळा, केळफूल आपण पिढ्यान् पिढ्या खातोय, त्यांना घाबरायचं कारण नाही. हादग्याचं मधलं केसर काढलं नाही तर भाजी कडू होते. केळफुलातली टोकाला गाठ असलेली ताठ काडी आणि पारदर्शक खवला काढायचाच, तो शिजत नाही. पण हादगा पानमळ्यातला असेल तर आधी विचारा. तिथं तो वेलीला आधार म्हणून लावतात, आणि वेलीवर मारलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, त्याच्यावरही उडतं. निपाणीकडं तंबाखूच्या बांधावरच्या शेवग्याचंही तेच.

आणखी एक, नावावर जाऊ नका. शेजारच्या अक्का 'अगसे' म्हणाल्या तर ते जवस असू शकतं आणि हादगाही, कन्नडमध्ये दोन्हीला तेच नाव. दोन्ही खाण्यातलेच, म्हणून निभावलं. सगळीकडे निभावत नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि कळलावी ही चार विषारी फुलं मुलांना लांबूनच दाखवून ओळखवा, आणि हात लागलाच तर धुवायला लावा. ताटाभोवतीच्या सजावटीतही ती नकोत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, थेट हृदयावर जातो.

गुलकंद करायचाच असेल तर गावठी, वासाचा गुलाब हुडका. खानापुरात जुन्या घरांच्या परसात अजून असतो. मृग लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या मागून आणा, वीतभर कापा, खालची पानं काढून निम्मी काडी मातीत खोचा. दहातल्या चार-पाच तरी लागतात. या वेळी नाही, पण पुढच्या एखाद्या वैशाखात पाकळ्यांवर खडीसाखर घालून बरणी उन्हात ठेवाल. आणि आत्ताच्या त्या पाकळ्या टाकायच्या आधी एक मूठ पिशवीत बंद करून, तारीख लिहून, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.