चौथ्या दिशेला जाऊन बघा

प्रश्न: वय 41. लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो आणि त्याच्या गुहेत पणती लावून कितीतरी वेळ आत डोकावत बसायचो. तसं काहीतरी पुन्हा वाटेल म्हणून ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम घेतला. पंधरा तास झाले, पण ऑफिसची कामं उरकत असल्यासारखंच वाटतं. माझं वय आड येतंय का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर: वय नाही, पुढचं काम कुठे आहे ते दाखवणारा पडद्यावरचा बाण आड येतोय. आजीच्या गोष्टीत राजपुत्राला बजावलेलं असतं, की तीन दिशांना खुशाल जा, चौथीला जाऊ नकोस. आपले कान तिथेच टवकारायचे, कारण तिकडे काय आहे ते कोणी सांगितलेलंच नसायचं. 2011 साली आलेल्या या गेममध्ये चारही दिशा मोकळ्या आहेत. पण वरची होकायंत्राची पट्टी तुम्ही अजून न पाहिलेल्या गुहांच्या खुणासुद्धा आधीच दाखवून टाकते. मग डोळे डोंगरावर राहतच नाहीत, पट्टीला चिकटतात.

तेव्हा जर्नल, म्हणजे गेममधली कामांची यादी, उघडा आणि प्रत्येक चालू कामगिरीची निवड काढून टाका, म्हणजे बाण जातील. मग सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली एचयूडी ओपॅसिटीची (पडद्यावरच्या खुणा किती ठळक दिसाव्यात त्याची) पट्टी आहे, ती खाली आणा. पार शून्यावर नेऊ नका, नाहीतर लढाईत जीव किती उरलाय हेही दिसणार नाही.

आता अडचण येईल ती सांगून ठेवतो. याच मालिकेतल्या 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये बाण नव्हतेच. माणसं तोंडी वाट सांगायची, तुम्ही ती शोधत जायचात. स्कायरिममधली माणसं बाण आहे असं धरून बोलतात, त्यामुळे पुष्कळदा पत्ता नीट सांगतच नाहीत. अडलात तर कामगिरी क्षणभर निवडा, नकाशावर दिशा बघून घ्या, वहीत टिपा आणि निवड पुन्हा काढा. क्लेअरव्हॉयन्स नावाचा साधा मंत्रही निवडलेल्या कामगिरीची वाट दाखवतो. तो बेलाशक वापरा, तो त्या जगातलाच आहे.

वही म्हणजे खरोखरची, गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल. रिव्हरवुड गाव पानाच्या मध्याच्या जरा खाली काढा, व्हाइटरन शहर त्याच्या उत्तरेला. एक चौकट म्हणजे अर्ध्या मिनिटाची चाल. कॅप्स लॉक दाबला की धावणं थांबून चालणं सुरू होतं. प्रमाण साफ चुकेल, चुकू द्या. किल्ल्यावरचा कुंभारवाड्यातून आणलेला मावळाही बुरुजापेक्षा मोठाच असायचा, आणि हळिवाचं रान कोणी मापून पेरलं नव्हतं.

सुरुवातीच्या हल्ल्यातून सुटून रिव्हरवुडकडे उतरताना सोबतचा माणूस पलीकडच्या डोंगरावरचे जुने अवशेष दाखवतो. बहुतेक जण ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे पळतात. तुम्ही थांबा. बर्फातल्या त्या दगडी कमानी नीट बघा, वाट कुठून चढत असेल त्याचा अंदाज बांधा आणि पानावर काढा. पुढे खरोखर त्या कमानींखाली उभे राहाल तेव्हा ती जागा तुम्ही स्वतः हेरलेली असेल.

नकाशावर टिचकी मारून एकदम दुसऱ्या गावी पोचणंही बंद करा. मोठ्या शहरांबाहेर तबेल्यापाशी भाड्याची गाडी मिळते, ती चालेल. स्पेशल एडिशन या गेमच्या सुधारित आवृत्तीत नोव्हेंबर 2021 पासून सर्व्हायव्हल मोड फुकट आहे. त्यात भूक, थंडी आणि झोप सांभाळावी लागते आणि ती झटपट उडी आपोआप बंद होते. पण आणखी दहा-बारा तास तरी तो लावू नका. अंगावर उबदार कपडे नसतील तर बर्फात सारखं मरण येतं आणि माणूस कंटाळून गेमच सोडतो.

आणि अडलं की लगेच मोबाइलवर शोधायचं नाही. ड्वेमर या गेममधल्या लुप्त झालेल्या लोकांच्या अवशेषांखाली, खूप खोल, एक जागा आहे. तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही.

प्रश्न: नवा 144 हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला. स्कायरिम सुरू होताच पहिल्याच दृश्यातली गाडी उसळते, उलटीपालटी होते. शिवाय अर्ध्या तासात मळमळतं.
– एक वाचक, निगडी

उत्तर: या गेममधल्या वस्तूंची हालचाल सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) निघतात त्याला बांधलेली आहे आणि हिशोब 60 चा आहे. 144 झाल्या की गाड्या, भांडी, सगळं उडायला लागतं. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये या गेमपुरती 60 ची मर्यादा घाला. मळमळ बहुधा अरुंद दृश्यकोनामुळे होत असेल. एस्केपच्या खालची कळ दाबून कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, उघडा, एफओव्ही, मोकळी जागा आणि 85 असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. तरीही त्रास झाला तर पात्र पाठीमागून दिसेल असं खेळा.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची. तिच्यासोबत बसून खेळायला असाच एखादा गेम सुचवाल का?
– एक आई, कोथरूड

उत्तर: स्कायरिम नको. युरोपात त्याला 18 वर्षांवरची खूण आहे आणि ती योग्यच आहे. ‘नी नो कुनी: राथ ऑफ द व्हाइट विच’ बघा. 2019 मध्ये तो सुधारून पीसी आणि पीएस4 वर आला, स्विचवर मात्र मूळ रूपातच. एक सूचना आधीच: सुरुवातीलाच ऑलिव्हर या मुलाची आई जाते. तो प्रसंग हळवा आहे, पहिल्यांदा शेजारी बसा. त्याच्या अश्रूंनी एक बाहुला जिवंत होतो, त्याच्या नाकाला कंदील लटकतो. तिथून मुलं हसू लागतात.

पातळी सोपी निवडा. सोबतची पात्रं जादूची शक्ती भराभर उधळतात आणि मोठ्या लढाईत हात रिकामे राहतात, म्हणून डावपेचांच्या यादीत त्यांना जादू वापरू नका असं सांगून ठेवा.

गेममध्येच जादूगाराची एक जाड पोथी आहे, तीनशेहून जास्त पानांची. होरेस नावाचं भूत ठिकठिकाणी कोडी घालतं आणि उत्तरं त्या पोथीत असतात. सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा तुम्ही मराठीत सांगत जा आणि पानं तिला उलटू द्या. उत्तर तुम्हाला आधी दिसलं तरी बोट दाखवू नका.