पाचव्या सत्राचे विषय निवडताना

प्रश्न : मी नागपुरातील एका स्वायत्त महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन सक्तीचे असून मशीन लर्निंग किंवा कॉम्प्युटर ग्राफिक्स यांतला एक ऐच्छिक विषय घ्यायचा आहे. शिवाय डेटा सायन्सचे 18 क्रेडिटचे ‘मायनर’ (मुख्य शाखेसोबतचा दुय्यम विषयगट) घे, असे पुण्यात नोकरीला असलेला दादा म्हणतो आणि बाबांचा आग्रह गेट या पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेचा आहे. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये मी काठावर उत्तीर्ण झालो. काय निवडावे?
– एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे : डिस्क्रीटमधले काठावरचे गुण. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमधील जवळजवळ प्रत्येक सिद्धता संच, संबंध आणि गणिती विगमन यांवर उभी असते, आणि ही तिन्ही डिस्क्रीटचीच प्रकरणे आहेत. अल्गोरिदमचेही तसेच. मर्ज सॉर्ट ही आकडे क्रमाने लावण्याची पद्धत प्रत्येक फेरीत यादीचे दोन भाग करते. 10 लाख आकडे असे निम्मे निम्मे करत गेल्यास सुमारे 20 फेऱ्यांत एकेक आकडा उरतो, प्रत्येक फेरीत सगळे आकडे हाताळावे लागतात, आणि एकूण काम साधारण 2 कोटी पायऱ्यांत उरकते, तर प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडून पाहणाऱ्या पद्धतीला 1 लाख कोटींच्या घरात पायऱ्या लागतात. हा फरक पाठ न करता स्वतः मांडता येणे, हेच त्या विषयाचे काम. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी बाहेर पडणे तसेही शक्य नसताना, डिस्क्रीटची उदाहरणे पुन्हा सोडवा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. शुल्क प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठीच असते.

ऐच्छिक विषयात मी आत्ता ग्राफिक्स घेण्याच्या बाजूने आहे, हे वाचून तुमच्या दादाला कदाचित राग येईल. मशीन लर्निंगला रेषीय बीजगणित (मॅट्रिक्सचे गणित) आणि संभाव्यता पक्की लागते, आणि ती नसेल तर तयार लायब्ररीची (आधीच लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या संचाची) चार वाक्ये टंकून उत्तर मिळते, पण ते चुकले तर का चुकले हे सांगता येत नाही. ग्राफिक्समध्ये तेच मॅट्रिक्स डोळ्यांपुढे हलतात : त्रिकोण आरंभबिंदूभोवती आधी फिरवून मग सरकवला तर तो एका जागी येतो, आधी सरकवून मग फिरवला तर भलतीकडेच जातो, आणि गुणाकाराचा क्रम का बदलता येत नाही हे कायमचे लक्षात राहते. संभाव्यतेचा अभ्यास मधल्या काळात करून मशीन लर्निंग सहाव्या किंवा सातव्या सत्रात घ्या.

मायनरची मूळ कल्पना आपल्या शाखेबाहेरचे काही शिकण्याची आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याने डेटा सायन्सचे मायनर घेणे म्हणजे बरेचसे घरचेच जेवण दुसऱ्या ताटात वाढून घेणे होय. घ्यायचेच असेल तर गणित किंवा इलेक्ट्रॉनिक्स उपलब्ध आहे का ते पाहा. त्याआधी तास मोजा. साधारणपणे आठवड्याला एक तासिका म्हणजे एक क्रेडिट, पण प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एकच क्रेडिट होते. त्यामुळे तीन अधिक एक अशा चार क्रेडिटच्या विषयाला वर्गातच पाच तास जातात. असे चार विषय, त्यांची जर्नले आणि वर मायनर, हे काठावरच्या गणितासह पेलणे कठीण आहे.

गेटबाबत बाबांचे म्हणणे तुमच्या सक्तीच्या विषयांशी जुळते, कारण ते तिन्ही संगणकशास्त्राच्या पत्रिकेत आहेत आणि डिस्क्रीटही आहे. मशीन लर्निंग मात्र 2024 पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वतंत्र पत्रिकेत येते. तिसऱ्या वर्षालाही गेट देता येते, तेव्हा एकदा सरावासाठी बसून पाहा.

अर्ज भरण्यापूर्वी विभागात एवढे विचारून घ्या की मशीन लर्निंग पुढच्या सत्रांत पुन्हा ऐच्छिक म्हणून मिळणार आहे का, आणि ग्राफिक्सचा वर्ग सुरू होण्यासाठी किमान किती विद्यार्थी लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर मशीन लर्निंग आत्ताच घ्या आणि मायनर सोडा.