खाजकुयलीच्या बियांतलं एल-डोपा मोजताना अर्क काळा का पडतो?

तुम्ही पूड पाण्यात उकळून घेताय, अर्क तासाभरात काळा पडतो आणि तीन वेळा मोजलं तर तीन आकडे येतात, असं विचारलंय. दोन्हींचं मूळ एकच: अर्क आम्लात नाही.

एल-डोपा (पार्किन्सनवर औषध म्हणून वापरलं जाणारं अमिनो आम्ल) हवेतल्या ऑक्सिजनने सहज बिघडतं. आधी लालसर डोपाक्रोम, मग काळं मेलॅनिन. परीक्षानळीत पाहा, काळेपणा वरच्या थरापासून, हवा लागते तिथून सुरू होतो. तो दिसेपर्यंत तुमचं एल-डोपा कमी झालेलं असतं. मिथेनॉलही नको, त्यात ते फारसं विरघळतच नाही.

आम्लात हा बिघाड मंदावतो, म्हणून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा: साधारण ८.५ मिली संहत आम्ल पाण्यात ओतून एक लिटर करा (पाणी आम्लात नव्हे). बिया ४० अंशांना वाळवा, थांबत थांबत दळा, मिक्सर तापू देऊ नका. टरफलासकट घेतल्या की सोलून, हे नोंदवाच; आकडा त्यावर बदलतो. २५० मिलिग्रॅम पूड ४० मिली आम्लात अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ठेवा, टाकीतल्या पाण्यात बर्फ टाकत राहा. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून चोथा खाली बसवून) चोथ्याला पुन्हा तेच करा, दोन्ही अर्क एकत्र करून १०० मिली करा. बियांत ५ टक्के एल-डोपा धरलं तर हे १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. पाचपट पातळ केलं की २५, म्हणजे ५ ते ५० च्या प्रमाणरेषेत (माहीत तीव्रतेच्या द्रावणांवरून काढलेल्या मोजणीच्या रेषेत) मधोमध. त्या रेषेसाठीचं शुद्ध एल-डोपाचं प्रमाण द्रावणही त्याच आम्लात आणि रोज ताजं करा. बाटल्या तपकिरी हव्यात.

मोजणी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर करा. त्याला सी-१८ स्तंभ (तेलकट थर दिलेल्या कणांचा), २० मिलिमोलर फॉस्फेट (पीएच २.५) आणि मिथेनॉल ९५:५, १ मिली प्रति मिनिट, २८० नॅनोमीटर. एल-डोपा फार ध्रुवीय, त्यामुळे ते स्तंभात फार थांबत नाही आणि आलेखावरचं त्याचं शिखर लवकर येतं. मिथेनॉल वाढवलंत तर ते सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या इतर घटकांच्या कचऱ्यात मिसळेल. बिघाड थांबवायला एस्कॉर्बिक आम्ल घालायचा मोह होईल, पण तेही स्तंभातून लवकर बाहेर पडतं आणि अतिनील प्रकाश शोषतं, म्हणून मी टाळायला सांगेन. संध्याकाळी स्तंभ आधी पाण्याने धुवा, मगच मिथेनॉल. उलट केलंत तर फॉस्फेटचे स्फटिक आत अडकतात.

नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) २८० नॅनोमीटरला मोजू नका. टायरोसिन आणि इतर फिनॉलही तिथेच शोषतात, आकडा फुगतो. पुडीतला ओलावा १०५ अंशांवर वेगळा काढून निकाल कोरड्या वजनावर द्या.